कोनाड्यातली बाटली

१४ फेब्रुवारी
भाचा आला. अकलूजकडे फ्रातेल्लीच्या वायनरीत कामाला आहे. ऐन तोडणीत एक दिवसाची सुट्टी काढून. वर्तमानपत्रात गुंडाळलेली बाटली हातात दिली. सेट्टे नावाची लाल वाईन. वर साल २०११.
"मामा, ठेवायची. लगेच फोडायची नाही."
आमचे दोन एकर वेल आम्ही २०११ लाच उपटले. त्याच्या लक्षात असेल का? विचारलं नाही.

१५ फेब्रुवारी
आई माळकरी. बाटली दिसली तशी जेवली नाही.

१६ फेब्रुवारी
जुन्या घरी नेली. माजघराच्या कोनाड्यात आडवी ठेवली. आडवी असली की बूच ओलं राहतं. सुकलं की हवा शिरते.

२ मार्च
विहिरीवर कॅबर्नेचा एक वेल राखला होता, तो पिकलाय. मणी बारीक, साल जाड, बी टणक. चावला. जीभ कोरडी पडली, कच्चं जांभूळ खाल्ल्यासारखी.
रस पांढराच असतो. रंग सालीत, तुरटपणा सालीत आणि बियांत. म्हणून साल रसात मुरत ठेवायची. हा तुरटपणाच वाईनला वर्षानुवर्षं धरून ठेवतो. खायच्या द्राक्षाला आपण साल पातळ, बी नको, मणी फुगलेला मागतो. इथं सगळं उलटं.
मांजरीच्या द्राक्ष संशोधन केंद्रात ऐकलं होतं, पाणी मोजून द्या. ऊसवाल्याचा हात पाणी तोडायला धजत नाही. माझाही धजला नव्हता.

३ मार्च
काल लिहायचं राहिलं. वेल उपटले त्यात दोष पाण्याचा नव्हता. कंपनीनं करार केला होता, तिसऱ्या वर्षी गाडीच आली नाही. माल बांधावर आंबला. मुंग्या आठवतात.

१९ एप्रिल
स्लॅबच्या घरात ४१. माजघरात ३१. भाचा फोनवर म्हणाला, पंधराच्या आसपास हवं. ओलं पोतं टाकलं.
वेलाची खरड छाटणी केली. तिकडे युरोपात थंडीत वेल झोपतो. आपल्याकडे झोपत नाही. दोनदा छाटायचा, फळ एकदा घ्यायचं.


 

११ मे
दुपारी पोतं ओलंच सापडलं. मी भिजवलं नव्हतं.

१२ मे
आजही.

५ जुलै
आईला तुकोबांच्या पालखीला नेलं. वरवंडहून पुढे, रोटी घाटापर्यंत. रोटीत फोर सीझन्सची वायनरी आहे. गाडीतून वेलांच्या रांगा दिसल्या. आई बघत राहिली.
"हीच का ती द्राक्षं?"
"हीच."
"माळावर बरी आलीत."

२२ जुलै
पाऊस. भीमेला गढूळ पाणी.
भाच्याशी तासभर बोललो. सेट्टे म्हणजे इटालियनमध्ये सात. सात जणांनी मिळून उभी केलेली कंपनी. इटालियन भाऊ, दिल्लीचे भाऊ, अकलूजचे मोहिते-पाटील भाऊ आणि टस्कनीचे वाईनमेकर पिएरो मासी. आत संजोवेझे आणि कॅबर्ने सोविन्यों. मग फ्रेंच ओकच्या पिपात मुरवण.
कॅबर्नेचे आईबाप १९९७ मध्ये कॅलिफोर्नियात डीएनएवरून कळले. एक काळं द्राक्ष, एक पांढरं. बोर्दोच्या मळ्यात कधीतरी आपसूक झालेला संकर. एवढा दांडगा वाण, आणि कुणी मुद्दाम केलेला नाही. हे मला फार आवडलं.

३ ऑक्टोबर
रासाईच्या देवळात घट बसले. वेलाची फळछाटणी उरकली.

२ नोव्हेंबर
पाडवा. भाचा आला. आई म्हणाली, "घरात नको. ओट्यावर बसा." आणि स्वतःच दोन स्टीलचे पेले आणून ठेवले.
बूच अर्ध्यात तुटलं. छातीत धस्स झालं. चहाच्या गाळणीतून ओतली.
मधे गडद, कडेला विटकरी. तळाशी गाळ. वर्षं जातात तसे तुरटपणाचे कण एकमेकांना धरून जड होतात, खाली बसतात. आधी वास येईना. अर्ध्या तासानं आला. तंबाखू, सुकं जांभूळ, पहिल्या पावसानंतरची जमीन. तोंडात तुरटपणा आहे, पण बोचत नाही. घोट गेल्यावरही चव राहते.
तेरा वर्षं. शेवटचा उन्हाळा आमच्या वडगाव रासाईचा. बिघडलेली नाही.
भाच्याला म्हटलं, अजून पाच वर्षं निघाली असती. घाई केली आपण.