आठवारी

इथे एडिनबरामध्ये मित्राचं लग्न आणि पत्रिकेवर लिहिलेलं, 'किल्ट घातल्यास आनंद होईल'. आनंद त्यांचा, पंचाईत माझी. कारण पुढचा प्रश्न लगेच हजर: फॉर्मल की रोजचा?

गंमत अशी की किल्ट एकच. चांगला लोकरी किल्ट सुमारे 8 वार (7.3 मीटर) कापडाचा, म्हणजे आपल्या नऊवारीपेक्षा फक्त एक वार कमी! निऱ्या मात्र मागे, पुढचा भाग सपाट, वरची कड बेंबीपाशी, खालची गुडघ्याच्या मध्यावर. फॉर्मल की साधा, हे बाकीच्या ऐवजावर ठरतं.

संध्याकाळचा थाट म्हणजे 'प्रिन्स चार्ली' नावाचं आखूड काळं जाकीट, वेस्टकोट, बो टाय, पुढे साखळीने लटकवलेली फरची स्पोरन (किल्टला खिसे नसतात, म्हणून ही थैली) आणि घोट्यावर नाड्या गुंडाळायचे गिली ब्रोग बूट. दिवसा ट्वीडचं जाकीट, साधा टाय, चामड्याची स्पोरन, नेहमीचे बूट. आणि स्कॉटलंडची फुटबॉल मॅच असली की त्याच किल्टवर टीमचा शर्ट. झालं!

भाड्याच्या दुकानात मात्र सगळा संध्याकाळचा सेट. एका दिवसाचं काम, सोमवारी परत करा. सोपं आहे. पण मला ते काही पटेना.

हा मुळात हायलँड्समधल्या लोकांचा रोजचा कपडा. जॅकोबाइट बंड मोडल्यावर 1746 च्या कायद्याने सैनिक सोडून बाकी पुरुषांना तो घालायला बंदी झाली, ती उठली 1782 मध्ये. मग 1822 मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिनबराला आला, वॉल्टर स्कॉटने स्वागताचा घाट घातला आणि खुद्द राजाच किल्ट घालून मिरवला. बंदी असलेला कपडा दरबारी झाला! मानही मिळाला, पण रोजच्या वापरातून तो सुटला तो सुटलाच.

आपल्याकडे वेगळं काय झालं? आजी नऊवारीत स्वयंपाक करायची, विहिरीचं पाणी ओढायची, झोपायचीसुद्धा. आता शिवलेली नऊवारी मिळते, लग्नापुरती. छान दिसते, पण नेसता येणारी माणसं घरोघरी कमी होत चालली आहेत. कपडा कपाटात मरत नाही हो, फक्त समारंभापुरता उरला की मरतो.

मित्राचे वडील रविवारी स्वेटर आणि किल्ट घालून कुत्र्याला फिरवतात. लग्नात ते तोच किल्ट घालणार, फक्त जाकीट बदलून. त्यांना विचारलं, "मी परका माणूस, मी घालू का?" म्हणाले, "इस्त्री करून घाल म्हणजे झालं." माझं स्कॉटिश कुळ नाही, पण एडिनबरा शहराचं स्वतःचं टार्टन आहे, ते कोणीही घालावं.

मग जुन्या कपड्यांच्या दुकानातून एक 8 वारी विकतच घेतला. लग्न दुपारी एकचं, त्यामुळे ट्वीडचं जाकीट, चामड्याची स्पोरन आणि बो टायला सुट्टी.

सध्या सराव म्हणून शनिवारी किल्ट घालूनच भाजी आणायला जातो. लोकर जड असते, त्यामुळे इथल्या वाऱ्यातही अब्रू शाबूत राहते. बाकी शेजारच्या आजी एकच म्हणाल्या, "मोजे जरा वर ओढ."