टेंबलाईचं तोंड आमच्याकडे

कोल्हापूरकर सांगतात, टेंबलाई रुसली आणि शहराकडे पाठ करून टेकडीवर बसली. मी गडमुडशिंगीत वाढले. शहराकडे पाठ म्हणजे आमच्याकडे तोंड, एवढंच मला लहानपणी कळत होतं. आई शेतात कामाला लागण्याआधी मावळतीकडं तोंड करून हात जोडायची. उचगावच्या पल्याड, हायवेच्या पलीकडं ती टेकडी होती. टेकडीच्या मागं शहर, आणि शहरात उत्तरेश्वर पेठेत आईचं माहेर.

म्हणजे माझं गाव आणि माझं आजोळ यांच्या मधोमध देवी बसलेली होती. पुढं जे झालं ते त्यामुळंच झालं, असं मला आजही वाटतं.

आषाढात पंचगंगेला नवं तांबडं पाणी आलं की कोल्हापुरातल्या पेठापेठांतून ते पाणी टेंबलाईला घेऊन जातात. आषाढातल्या मंगळवारी आणि शुक्रवारी गल्ल्या, तालमी आपापली मिरवणूक काढतात. कलश कुमारिकांच्या डोक्यावर असतो. मी नऊ वर्षांची असताना मामानं माझ्या डोक्यावर कलश दिला. घाटावर त्यानं स्वतः पाण्यात उतरून तो भरला, तोंडाला लिंबाचा पाला लावला, चुंबळ नीट बसवली आणि म्हणाला, "मान ताठ ठेव बाळ. पाणी हिंदकळलं तरी चालंल, खाली बघायचं नाही."

घाटापासून टेकडी पाच-सहा किलोमीटर तरी असेल. पाय अनवाणी, वर पावसाची झड. पुढं पी-ढबाक वाजत होता. हे नाव बाहेरच्या माणसाला विचित्र वाटेल, पण ज्यानं ते वाद्य ऐकलं त्याला दुसरं नाव सुचणार नाही. सनईसारखा लांबलेला 'पी' आणि त्यावर ढोलाचा 'ढबाक'. त्या ठेक्यावर पाय आपोआप पडतो, धावत नाही आणि थांबतही नाही. डोक्यावर पाणी घेऊन चालणाऱ्या पोरींसाठीच तो ठेका कुणीतरी शोधला असावा. आता काही मिरवणुकांत साऊंड सिस्टीमच्या भिंती उभ्या राहतात. छातीत धडधड होते, पण चाल सापडत नाही. मला त्याचं मनापासून वाईट वाटतं.

गल्लीतल्या बायका पुढं येऊन आमच्या पायांवर पाणी घालत होत्या. माझ्या आजीएवढ्या बाईनं वाकून माझ्या पायाला हात लावला तेव्हा मी दचकले. मामा हळूच म्हणाला, "तुला न्हाई, पाण्याला." टेकडीवर पोचेपर्यंत निम्मं पाणी माझ्या परकरावर सांडलं होतं. उरलेलं देवीच्या पायरीवर ओतलं. मग मामानं मला टेकडीच्या पूर्वेच्या अंगाला नेलं. तिथं वडील सायकल घेऊन उभे होते. पेठेतनं देवीपर्यंत मामा, देवीपासून मुडशिंगीपर्यंत वडील.

त्यानंतर दोन वर्षांनी मामानं घर बांधलं. वास्तुशांतीला आईला मूळ आलं नाही.

मूळ म्हणजे काय, हे आताच्या पोरांना सांगावं लागतं. माहेरी कार्य असलं की लेकीला न्यायला भावानं किंवा घरच्या कुणीतरी यायचं. पत्रिका पोचली, निरोप पोचला, याला मूळ म्हणत नाहीत. मामाचा निरोप आला होता, गांधीनगरच्या बाजाराला आलेल्या एका ओळखीच्या माणसाबरोबर. मामा त्या दिवसांत गवंडी, सामान, उसनवारी यात बुडालेला होता. आईनं पाटीत इरकल काढून ठेवलं होतं, भावजयीसाठी खण आणला होता. दोन दिवस तिनं रस्त्याकडं बघून काढले. तिसऱ्या दिवशी खण ट्रंकेत गेला. "थोरल्या भैणीला इसारलं," एवढंच ती बोलली. सहा वर्षं ती पेठेत गेली नाही.

टेंबलाईची कथा हुबेहूब हीच आहे. कोल्हापूरच्या अंबाबाईनं मारलेल्या कोल्हासुराचा मुलगा कामाक्ष. त्यानं कपिलमुनींचा योगदंड मिळवला आणि देवांना शेळ्यामेंढ्या करून टाकलं. त्र्यंबोलीनं, म्हणजे आमच्या टेंबलाईनं, म्हातारीचं रूप घेऊन तो दंड त्याच्याकडून काढून घेतला, असुराला मारलं, देवांना सोडवलं. मग विजयाचा सोहळा झाला आणि त्यात नेमकं तिलाच बोलवायचं राहिलं. ती उठली आणि टेकडीवर जाऊन बसली. चूक लक्षात आल्यावर अंबाबाईनं तिला निरोप धाडला नाही. ती स्वतः निघाली. त्र्यंबोलीपुढं कोहळा फोडून कोल्हासुराचा वध तिला पुन्हा दाखवला.

दर वर्षी नवरात्रात ललितापंचमीला तेच घडतं. अंबाबाईची पालखी देवळातनं निघते. तुळजाभवानीची आणि गुरुमहाराजांची पालखीही टेकडीवर येते. वाटेत बागल चौक, मग शाहू मिल. रस्त्याला रांगोळ्या, फुलांचे सडे. टेकडीवर छत्रपती घराण्यातली माणसं पूजेला असतात. गुरव घराण्यातल्या कुमारिकेची पूजा होते, ती त्रिशूळानं कोहळ्याचा भेद करते आणि पुढच्याच क्षणी त्याच्या तुकड्यांसाठी तरुणांची झुंबड उडते. तो तुकडा घरात असला की बरकत राहते अशी श्रद्धा आहे.

पेठेत जाणं सोडलं तरी पंचमीला टेंबलाईवर जाणं आईनं सोडलं नव्हतं. देवी काय मामाची होती? आम्ही आमच्या बाजूनं चढायचो. पालखीबरोबर शहर एका अंगानं यायचं आणि उचगाव, सरनोबतवाडी, मुडशिंगीची माणसं दुसऱ्या अंगानं. आई गर्दीत कधी पुढं घुसायची नाही. कडेच्या एका झाडाखाली उभी राहायची आणि पालखी दिसली की पदर सावरून घ्यायची. मामा पालखीबरोबर चालत यायचा हे तिला माहीत होतं. पाच वर्षं ती त्या झाडाखालनं त्याला बघत होती आणि तो आम्हाला बघत नव्हता, किंवा बघून पुढं येत नव्हता.

सहाव्या वर्षी मी सतरा-अठराची होते. कोहळा फुटला, गर्दी कोसळली. धुरळा, आरडाओरडा, पोलिसांची तुटलेली साखळी. थोड्या वेळानं त्या गर्दीतनं मामा बाहेर आला. तालमीतला माणूस, पण आता केस पिकलेले. सदरा खांद्यापासून फाटला होता, कोपर सोललं होतं. तो थेट झाडाकडं आला. मूठ उघडली. तळहाताएवढा कोहळ्याचा तुकडा होता, मातीनं माखलेला, दोन बिया चिकटलेल्या.

"आक्का, घे."

आईनं घेतला नाही. कोपराकडं बघत म्हणाली, "रगत येतंय."

"येऊ दे. घे."

तिनं पदर पसरला. मग तोच पदर फाडून त्याच्या कोपराला बांधला. वास्तुशांतीचं कुणीच बोललं नाही, त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही. आई त्याच्याबरोबर पेठेतही गेली नाही. ती आमच्या बाजूनंच उतरली. पण दिवाळीआधी मामा मुडशिंगीत मुळाला आला. ट्रंकेतला खण सहा वर्षांनी बाहेर निघाला.

पुढं मामा होता तोवर दर पंचमीला त्या झाडाखाली आला. तुकडा मिळाला तर तुकडा घेऊन, नाही मिळाला तर रिकाम्या हातानं. एकदा मी विचारलं, रुसवा गेला ना मग आता दर वर्षी कशाला? आई म्हणाली, "देवी दर वर्सी येतीच की."

2020 साली कोरोनामुळं पालखी वाहनातनं नेली. यात्रा नाही, गर्दी नाही. आम्ही ते घरी टीव्हीवर पाहिलं. मामा तेव्हा नव्हता. आई खुर्चीत बसली होती, गुडघे गेले होते. मिरवणुकीला जिथं तास लागतात ते अंतर गाडीनं बघता बघता कापलं. आई अस्वस्थ झाली. "रुसल्यालीला न्यायला गाडीनं जात्यात व्हय?" ती म्हणाली. मी साथीचं समजावून सांगितलं. तिला ते कळत होतं, तिनं मानही हलवली. तरी पालखी पोचल्यावर तिनं हात जोडले ते जरा उशिरानं.

आई गेल्यानंतरच्या पहिल्या पंचमीला मी एकटीच चढले. झाड आता तिथं नाही, मी अंदाजानं उभी राहिले. आरती झाली, पालखी परतीला लागली, ऊन चढलं. मी उतरायला वळले तेव्हा मागनं हाक आली. मामाचा मुलगा घामानं भिजलेला, धापा टाकत येत होता. त्याला कोहळा मिळाला नव्हता. "झाड कुठं गेलं?" त्यानं विचारलं. "मघापासनं झाड हुडकतोय, आक्का."

त्यानं मला आक्का म्हटलं ते पहिल्यांदाच. आम्ही दोघं थोडा वेळ तिथंच उभे राहिलो. मग तो म्हणाला, चल, खालपर्यंत येतो, आणि शहराकडं न जाता माझ्याबरोबर मुडशिंगीच्या बाजूनं उतरायला लागला.