नर्सिंगला घालायचं, पण कुठे?

बारावीचा निकाल लागला की आमच्या मुकुंदनगरात दोन-तीन आठवडे दारं वाजत राहतात. आम्ही तिघी-चौघी निवृत्त शिक्षिका. लोकांना वाटतं, आम्हाला सगळं ठाऊक. मुलगी गुणपत्रिका घेऊन येते, मागे अम्मी, आणि अब्बू उंबऱ्याबाहेर चप्पल न काढता उभे. डॉक्टरकी परवडत नाही, डी.एड. करून घरी बसलेल्या मुली गल्लोगल्ली आहेत. मग नर्सिंग. पंधरा-वीस वर्षांपूर्वी हा शब्द काढला तरी नाकं मुरडली जायची. आता मुरडत नाहीत, पण एक प्रश्न हटकून येतो : "रात की ड्यूटी कायकू? रिश्ते कैसे आएंगे?"

त्यावर आमच्यातल्या एक आपा रुफैदा अल-अस्लमियांची आठवण काढतात. मदिनेत मशिदीपाशी त्यांचा तंबू होता, आणि खंदकाच्या लढाईत जखमी झालेल्या साद बिन मुआज यांना उपचारासाठी तिथेच ठेवलं होतं. "जखमी माणूस काय दिवसाच कण्हत होता?" असं आपा विचारतात. अब्बू थोडं हसतात आणि चप्पल काढून आत येतात. रिश्त्याचं म्हणाल तर, पगार सुरू झालेल्या नर्सच्या घरी चौकशा कमी येत नाहीत, वाढतात. त्या चौकशा कशासाठी असतात हा वेगळा लेख होईल.

खरी भीती रात्रपाळीची नाही. पाथर्डीकडच्या एका मुलीची गोष्ट सांगतो. बापानं दोन म्हशी विकून तिला एका संस्थेत घातलं. बोर्डावर 'नर्सिंग' असं ठळक लिहिलेलं, कोर्स एक वर्षाचा, पांढरा गणवेश, फोटोसह प्रमाणपत्र. वर्षभरानं ती नोंदणीला गेली तेव्हा कळलं, या कागदावर नर्स म्हणून नोंद होतच नाही. खासगी दवाखान्यात ती सलाईन लावायची, ड्रेसिंग करायची, पण पगार आयाबाईचा. म्हशी गेल्या, वर्ष गेलं, आणि कागद नुसता भिंतीवर लावण्याजोगा.

म्हणून आधी हे ध्यानात घ्यावं. नर्स व्हायच्या वाटा तीनच : ए.एन.एम. दोन वर्षांचं, जी.एन.एम. तीन वर्षांचं, बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचं. बी.एस्सी.ला बारावीत फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी आणि इंग्रजी लागतं, शिवाय राज्याची सीईटी. कला शाखेच्या मुलीला जी.एन.एम.चं दार उघडं आहे, आणि पुढे दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बी.एस्सी. करता येतं. 'एका वर्षात नर्स' असं कुणी म्हणालं तर चहा पिऊन उठावं. संस्था महाराष्ट्र परिचर्या परिषदेच्या यादीत आहे का, बी.एस्सी. असेल तर नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी किंवा मान्यताप्राप्त अभिमत विद्यापीठाशी जोडलेली आहे का, हे प्रवेशाआधी पाहावं. आणि इमारत बघू नये, खाटा बघाव्यात. कॉलेजचं स्वतःचं शंभर खाटांचं रुग्णालय असावं, असा नियम उगीच नाही. ज्या वॉर्डात पेशंटच नाहीत तिथे मुलगी बाहुलीला इंजेक्शन टोचून पास होते आणि पहिल्या नोकरीत थरथरते.

आपल्या जिल्ह्यात या बाबतीत रड नाही. विळद घाटात विखे पाटील फाउंडेशनचं कॉलेज आहे, लोणीला प्रवरेचं. नगरचं बूथ हॉस्पिटल 1939 पासूनचं, 2020च्या कोविडात त्यानं किती घरं सावरली ते नगरकरांना सांगायला नको. जामखेडला रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी 1970 साली काम सुरू केलं, ते अडाणी समजल्या गेलेल्या खेड्यातल्या बायांना आरोग्यसेविका करत. शुश्रूषेचं काम आपल्या मातीला परकं नाही.

फी हा मोठा डोंगर. इथे आपल्या लोकांचं सर्वांत जास्त नुकसान होतं ते कागदांपायी. बागवान, तांबोळी, अत्तार, पिंजारी, मोमीन या जमाती राज्याच्या ओबीसी यादीत आहेत, तरी घरात जातीचा दाखला नसतो. "अपन में जात कहाँ?" असं म्हणून आजोबांनी काढला नाही, बापानं काढला नाही. जुलै 2024च्या शासन निर्णयानं आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलं. पण प्रवेश केंद्रीय फेरीतून हवा. मॅनेजमेंट कोट्याला माफी नाही, अभिमत विद्यापीठालाही नाही. लोणी अभिमत आहे. शिक्षण उत्तम, पण फीचं गणित वेगळं, हे घरी बसून आधी मांडावं. दाखला आणि नॉन-क्रीमीलेयर अकरावीतच काढून ठेवावं. बारावीनंतर तहसीलच्या खिडकीवर जून निघून जातो. कर्जासाठी मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाचं दार ठोठावावं.

पास झाल्यावर पहिली दोन वर्षं कसोटीची. खासगी रुग्णालयं पगार हात आखडून देतात, काही मूळ प्रमाणपत्रं ठेवून घेऊ पाहतात. मूळ कागद कुणालाही देऊ नये, साक्षांकित प्रत द्यावी. पण ती दोन वर्षं वायाही घालवू नयेत. एम्सच्या नॉरसेट परीक्षेला बी.एस्सी. झालेली मुलगी थेट बसू शकते, जी.एन.एम. झालेलीला पन्नास खाटांच्या रुग्णालयातला दोन वर्षांचा अनुभव लागतो. तिथलं मूळ वेतन 44,900 पासून, आणि 80 टक्के पदं स्त्रियांची. राज्यात अधिपरिचारिकेचं मूळ वेतन 35,400. ज्यांना बी.एस्सी. आणि जी.एन.एम.मध्ये फरक काय असं वाटतं, त्यांनी ही अनुभवाची अट पुन्हा वाचावी.

आखाताचं स्वप्न आमच्या मोहल्ल्यात जुनंच आहे. फक्त 2015 पासून सौदी, कुवेतसारख्या देशांत नर्स म्हणून जायला ई-मायग्रेटवरून परवानगी लागते, आणि एजंट नोंदणीकृत आहे का ते तिथेच कळतं. "बेटी को व्हिजिट व्हिसा पे भेजो, बाद में बदल जाएगा" असं म्हणणाऱ्या मामूंना आम्ही पाणीही विचारत नाही.

पाथर्डीची ती मुलगी सध्या जी.एन.एम.च्या पहिल्या वर्षाला आहे. परवा फोनवर म्हणाली, "खाला, यहाँ एक वॉर्ड में बत्तीस पेशंट हैं." आवाजात दमणूक होती. आम्ही तिला एवढंच सांगितलं, की जिथे पहिली नोकरी करशील तिथून निघताना अनुभवाचं पत्र घे, आणि त्यावर रुग्णालयाच्या खाटांचा आकडा, विभाग आणि रुजू झाल्याची व सोडल्याची तारीख लिहून घे. नुसतं 'चांगली वागणूक' असलेलं पत्र घेऊ नकोस.