गाडी का बंद पडत होती, आणि मी काय लिहून बसलो

गेल्या पावसाळ्यात मी इथेच एक पोस्ट टाकली होती. गावातल्या एका पंपावर पेट्रोल भरलं आणि दुसऱ्या दिवसापासून गाडी बंद पडायला लागली, अशी. पंपाचं नाव लिहिलं नव्हतं, पण फोटोत मागचं लिंबाचं झाड आणि पाण्याची टाकी दिसत होती. आपल्या गावात तेवढं पुरतं.

ती पोस्ट चुकीची होती. दुरुस्ती मी तेव्हाच दोन ओळींत टाकली, पण ती फार कुणी वाचली नाही. म्हणून आज सविस्तर लिहितोय. लांबलंय, पण ज्यांच्याकडे जुनी पेट्रोल गाडी आहे त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा.

माझी गाडी २००८ सालची. छोटी, पेट्रोलवरची, सेकंडहँड घेतलेली. २०२३ ला पंधरा वर्षं झाली तेव्हा फिटनेस करून पाच वर्षं वाढवून घेतली. पत्रकाराच्या उत्पन्नात नवी गाडी बसत नाही, आणि वडिलांना दर महिन्याला सोलापूरला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यावं लागतं. एसटीत आता त्यांना चढवत नाही. म्हणजे ही गाडी म्हणजे चैन नाही, गरज आहे.

झालं असं की गाडी उभी असताना थरथरायला लागली. स्टिअरिंग हलायचं, गिअरची दांडी नाचायची. चौकात थांबलो की इंजिन दोन गचके द्यायचं आणि बंद. परत चावी मारली की लगेच चालू. रस्त्याला लागलं की मात्र एकदम गुळगुळीत, जणू काही झालंच नाही.

तेव्हा सगळीकडे ई२० पेट्रोलचीच चर्चा होती. वीस टक्के इथेनॉल, जुन्या गाड्यांची वाट लागणार, मायलेज पडलं, रबर फुगतंय. माझ्या डोक्यात गणित तयारच होतं. गाडी जुनी, पेट्रोल नवं, त्यात पावसाळा, म्हणजे पेट्रोलमध्ये पाणी. आदल्या दिवशी कुठे भरलं होतं ते आठवलं. झाली बातमी.

आधी मी स्वतःच उपचार केले. प्लग बदलले. एअर फिल्टर बदलला. कुणीतरी म्हणालं इंजेक्टर साफ करा, तेही केलं. कुणीतरी टाकीत ओतायची बाटली सुचवली, तीही ओतली. बेचाळीसशे रुपये गेले आणि गाडी जशीच्या तशी. एकातही फरक पडला नाही, तेव्हा आपला अंदाजच चुकतोय का असं मनात यायला पाहिजे होतं. मला उलटंच वाटलं, की एवढं करूनही सुधारत नाही म्हणजे नक्की पेट्रोलच. त्या रात्री जेवण झाल्यावर पोस्ट लिहिली.

पोस्ट तुफान चालली. सकाळपर्यंत चारशेच्या वर लोकांनी पुढे पाठवली होती. निम्म्यांचं म्हणणं, हे कारखानदारांचं भलं करायला चाललंय. निम्म्यांचं म्हणणं, इथेनॉलमुळे उसाला दर मिळतोय तर पोटात का दुखतंय. दोन्ही बाजूंनी शिव्या, आणि मध्ये आपला पंप. दुपारी पंपमालकांचा फोन आला. आवाज चढवला नाही त्यांनी. एवढंच म्हणाले, "सर, तुम्ही या ना पंपावर. जी पाहिजे ती टेस्ट तुमच्यासमोर करतो." मी म्हणालो, बघतो. गेलो नाही. खरं सांगायचं तर पोस्ट एवढी चाललेली असताना तपासायला जायची इच्छाच नव्हती.

तिसऱ्या दिवशी एका गिऱ्हाइकाने पंपावरच्या पोराची कॉलर धरली. "पाणी विकता का रे" म्हणून दोन ठेवून दिल्या. तो पोरगा मी ओळखतो. शाळेत होता तेव्हा सायकलवर आमचाच पेपर टाकायचा. हे मला दुसऱ्याकडून कळलं. तेव्हाही मी मनाची समजूत घातली की मारणारा मी नव्हतो.

मग ज्या दिवसासाठी हे सगळं लिहितोय तो दिवस. वडिलांना घेऊन सोलापूरला निघालो होतो. पाऊस बारीक चालू. पुलाच्या उतारावर पुढे दुधाचा टेम्पो हळू झाला, मी ब्रेक दाबला, इंजिन बंद पडलं. आणि पेडल दगडासारखं. दोन्ही पाय रोवून दाबलं, हँडब्रेक ओढला. टेम्पोच्या मागे हातभर अंतरावर गाडी थांबली. वडील काही बोलले नाहीत, फक्त डॅशबोर्डवरचा हात काढायला त्यांना बराच वेळ लागला.

गाडी तशीच हळूहळू परत आणली आणि थेट चाचांकडे. मार्केट यार्डाच्या मागे पत्र्याच्या शेडमध्ये त्यांचं गॅरेज आहे. चाळीस वर्षं गाड्या उघडतायत. मी सुरुवातच केली, "चाचा, पेट्रोलमध्ये पाणी आहे." ते म्हणाले, "असंल. आधी सांगा, बंद कधी पडते?"

"थांबल्यावर."

"थांबल्यावर म्हंजे? ॲक्सिलेटर सोडल्यावर, का ब्रेक दाबल्यावर?"

मंडळी, पंधरा दिवस ती गाडी मी चालवत होतो आणि या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. थांबायचं म्हटलं की आपण दोन्ही एकदमच करतो. वेगळं करून बघावं असं सुचलंच नाही. पत्रकारितेच्या डिप्लोमात पहिल्या आठवड्यात शिकवतात, कधी, कुठे, कसं. माझ्याकडे फक्त "कुणी केलं" याचं उत्तर तयार होतं.

चाचांनी आधी पेट्रोलचाच प्रश्न मिटवला. नळीतून काचेच्या बाटलीत पेट्रोल काढलं आणि कट्ट्यावर ठेवलं. इथेनॉल पाणी शोषतं. पाणी मर्यादेबाहेर गेलं की ते इथेनॉलला सोबत घेऊन तळाला बसतं आणि बाटलीत दोन थर दिसतात. आम्ही चहा पिऊन आलो तरी बाटलीत एकच थर, स्वच्छ. "आणि पाणी असतं तर रस्त्याला पळताना पण गचके खाल्ले असते," चाचा म्हणाले. "तुमची फक्त उभी असताना नाटक करते."

मग गाडी जागेवर चालू ठेवली. एकेका इंजेक्टरचा कनेक्टर काढून परत लावला. प्रत्येक वेळी इंजिन आणखी मंदावत होतं, म्हणजे सगळे सिलिंडर आपापलं काम करत होते. मग मला सीटवर बसवलं. ब्रेकला हात, म्हणजे पाय, लावायचा नाही. गाडी थरथरत होती, पण चालू राहिली. "आता दाबा." दाबला. पायाशी फुस्स असा आवाज आला आणि इंजिन बंद.

तो आवाज मी रोज ऐकत होतो. एसीचा असेल असं धरून चाललो होतो.

शेवटी त्यांनी बोनेटमधली एक जाड रबरी नळी पक्कडने चिमटून धरली. थरथर जागेवर थांबली. ब्रेक दाबला तरी इंजिन बंद पडेना. नळी सोडली, परत तेच. हे त्यांनी तीनदा करून दाखवलं, माझ्यासाठी नाही, स्वतःच्या खात्रीसाठी.

ती नळी ब्रेक बूस्टरची. ब्रेक पेडलच्या पुढे, बोनेटच्या आत, ताटाएवढा काळा गोल डबा असतो तो बूस्टर. इंजिन हवा ओढतं, त्या ओढीचा वापर करून तो आपल्या पायाचा जोर वाढवतो. आत रबराचा पडदा असतो. माझ्या गाडीचा पडदा फाटला होता. त्यामुळे फालतू हवा इंजिनात शिरत होती, आणि ब्रेक दाबला की तर घळाघळा. उभ्या गाडीत इंजिन मोजकीच हवा घेतं, त्यामुळे एवढ्याशा चिरीने त्याचा हिशेब बिघडतो. रस्त्यावर पळताना ते एवढी हवा घेत असतं की ही चीर जाणवतसुद्धा नाही. आणि पडदाच फाटका असल्यामुळे इंजिन बंद पडल्यावर ब्रेकला मदत करायला काहीच उरत नव्हतं. म्हणून पेडल दगड.

म्हणजे पंधरा दिवस माझा ब्रेक जात होता आणि मी पेट्रोलवर लिहीत होतो. वडील शेजारी बसलेले.

हा पडदा पेट्रोलच्या वाटेवर नसतोच. त्याचा पंपाशी संबंध नव्हता. सतरा वर्षांचं रबर होतं, गेलं. दुसरा बूस्टर बसवून सव्वातीन हजारात काम झालं.

दुसऱ्या दिवशी पंपावर गेलो. मालकांनी चहा मागवला, जास्त काही बोलले नाहीत. म्हणाले, "पोराला सांगा तुम्हीच." सांगितलं. तो म्हणाला, "असू द्या सर." त्या दोन शब्दांनी मला सुटल्यासारखं वाटलं नाही, अजून वाटत नाही. चारशे लोकांनी पुढे पाठवलेली पोस्ट मी काढून टाकली, दुरुस्तीची टाकली. ती अकरा जणांनी पुढे पाठवली.

आता ई२० बद्दल. कारण काही जण म्हणतील, पत्रकार पलटला. नाही पलटलो. पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉलचा टप्पा देशाने जून २०२२ मध्ये गाठला. वीस टक्क्यांचं उद्दिष्ट आधी २०३० चं होतं, ते अलीकडे आणून २०२५ मध्ये गाठलं. ई२० ला चालतील अशा गाड्या बाजारात यायला लागल्या एप्रिल २०२३ पासून. त्याआधीच्या बहुतेक गाड्या, माझ्यासकट, या पेट्रोलसाठी बनलेल्या नाहीत. लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच जुन्या धाटणीच्या चारचाकींचं मायलेज सहा ते सात टक्के घटेल असा अंदाज आहे. साध्या पेट्रोलचाही पर्याय ठेवा, ही मागणी करणारी याचिका सुप्रीम कोर्टाने १ सप्टेंबर २०२५ ला फेटाळली. तरीही ज्याची गाडी जुनी आहे त्याने वाढलेला खर्च का सोसावा, हा प्रश्न माझ्या मते रास्त आहे आणि मी तो विचारत राहणार.

पण तो विचारायचा तर माझ्यासारखा नको. बूस्टर बदलल्यावर मी टाकी फुल ते टाकी फुल असं तीन वेळा मायलेज मोजलं. पूर्वी सोळा पडायचं, आता पंधरा पडतंय. त्यात टायर जुने आहेत, इंजिनही थकलंय, त्यामुळे सगळा फरक इथेनॉलचाच असं मी छातीठोक म्हणणार नाही. पण वहीत तारीख, किलोमीटर आणि लिटर लिहिलेले आहेत. अशा पन्नास वह्या आपल्या तालुक्यात झाल्या तर त्या घेऊन कुणाच्याही टेबलासमोर उभं राहता येईल. फाटक्या बूस्टरचं खापर घेऊन गेलो असतो तर पहिल्याच प्रश्नाला गप्प बसावं लागलं असतं, आणि खरी तक्रारही हशावारी गेली असती.

पंपावर शंका आली तर तिथेच विचारा. पाच लिटरचं माप मागा, फिल्टर पेपरवर थेंब टाकून बघा, घनता मोजायला सांगा. हा आपला हक्क आहे. पोस्ट नंतरही लिहिता येते.

गाडी उभी असताना थरथरत असेल, बंद पडत असेल, तर मेकॅनिककडे जायच्या आधी दोन दिवस नुसतं लक्ष द्या. थंड असताना की गरम झाल्यावर? एसी लावल्यावर? ब्रेक दाबल्यावर? रस्त्याला पळताना गचके आहेत का? एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशाने फरक पडला ते कळत नाही. कारणं डझनभर असू शकतात, थ्रॉटलमधला कचरा, प्लग, कॉइल, फुटलेली नळी, आणि हो, खराब पेट्रोलसुद्धा.

आणि एक तपासणी आजच करा, एक मिनिट लागतं. गाडी सपाट जागी, न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढून. इंजिन बंद ठेवून ब्रेक पाच-सहा वेळा दाबा, पेडल कडक होईल. पाय तसाच दाबून ठेवा आणि इंजिन चालू करा. पेडल पायाखाली थोडं खाली गेलं पाहिजे. गेलं नाही, किंवा पायाशी फुस्स आवाज आला, तर ती गाडी रस्त्यावर काढू नका. मेकॅनिकला घरी बोलवा.

पेट्रोल मी अजून त्याच पंपावर भरतो. तो पोरगा पूर्वी गप्पा मारायचा, कुठली बातमी आहे विचारायचा. आता फक्त एवढंच म्हणतो, "झिरो बघा सर." मी बघतो.