पेढीवरची तसबीर

गांधींच्या आत्मचरित्राच्या चौथ्या भागाचा शेवट वकिलीच्या आठवणींनी होतो. पाठ्यपुस्तकांसाठी उतारे निवडणाऱ्यांना ही प्रकरणे फारशी मोहवीत नाहीत. तेथे वडिलांच्या हाती कबुलीची चिठ्ठी देणारा मुलगा येतो, गाडीतून उतरवला गेलेला तरुण बॅरिस्टर येतो. हिशेबाच्या वह्या चाळणारा, लवादापुढे आकडे मांडणारा, जकात अधिकाऱ्याचे दार ठोठावणारा वकील येत नाही. आम्हाला मात्र अलीकडे हाच माणूस अधिक बोलावतो. याला एक कारण आहे. ते ओघात येईलच.

या वकिलीचा आरंभ मुंबईत झाला, आणि तो हसू यावे असा होता. १८९१ साली सनद घेऊन आलेले बॅरिस्टरसाहेब स्मॉल कॉज कोर्टात ममीबाई नावाच्या पक्षकारिणीसाठी उभे राहिले. मेहनताना तीस रुपये. दलालाला दलाली द्यायची नाही, असा बाणा. उलटतपासणीसाठी उठले तो डोके गरगरू लागले, तोंडातून शब्द फुटेना. खटला दुसऱ्या वकिलाला एक्कावन्न रुपयांत द्यावा असे सुचवून ते कोर्टाबाहेर पडले. पुढे दक्षिण आफ्रिकेत जाईपर्यंत त्यांनी कोर्टाची पायरी चढली नाही. याच दिवसांत एका शाळेत रोज तासभर इंग्रजी शिकवण्याची पंचाहत्तर रुपयांची जागा निघाली होती. तीसाठी ते गेले, आणि पदवीधर नाहीत म्हणून परत पाठवले गेले. नेमणुकीच्या अटी हा विषय ज्यांना रोजचा आहे, त्या आमच्या प्राध्यापक मित्रांनी या प्रसंगाकडे जरूर पाहावे.

त्या अपयशी मुंबईतच आणखी एक काम झाले. पोरबंदरात जमीन जप्त झालेल्या एका गरीब मुसलमानासाठी त्यांनी अर्ज लिहून दिला, आणि फी घेतली नाही. ज्याला कोर्टात बोलता येत नव्हते त्याला लिहिता येत होते, हे या फुकटच्या कामाने ठरले. पुढे राजकोटात अर्ज लिहूनच त्यांचा चरितार्थ चालला.

१८९३ साली दादा अब्दुल्ला यांच्या पेढीने त्यांना नेले ते एकशे पाच पौंडांवर, आणि तेही मुख्य वकील म्हणून नव्हे. दावा चाळीस हजार पौंडांचा, दोन व्यापाऱ्यांमधला, आणि ते दोघे नातेवाईक. सारा मामला जमाखर्चाचा. आमच्या बॅरिस्टरला ‘पी. नोट’ म्हणजे काय हेही ठाऊक नव्हते. शब्दकोशात तो शब्द सापडेना, तेव्हा कारकुनाकडून कळले की ती प्रॉमिसरी नोट. मग हिशेबशास्त्राचे पुस्तक आणून त्यांनी ते अभ्यासले. कायद्यापेक्षा वस्तुस्थिती मोठी, आणि वस्तुस्थिती वह्यांत असते, हा धडा त्यांनी प्रिटोरियात गिरवला. प्रकरण लवादाकडे गेले, दादा अब्दुल्ला जिंकले. सदतीस हजार पौंड आणि वर खर्च असा निवाडा झाला. एवढी रक्कम एकदम भरायची तर तय्यब शेठचे दिवाळे निघणार. तेव्हा जिंकलेल्या पक्षाला गळ घालून त्यांनी दीर्घ मुदतीचे हप्ते बांधून घेतले. हे काम दोन्ही पक्षांना लवादासाठी राजी करण्याहून अवघड गेले, असे ते सांगतात. आम्हाला ते पटते. हरलेल्याला समजावणे सोपे असते, कारण त्याच्यापुढे वाट नसते.

नाताळात स्थायिक झाल्यावर त्यांनी सार्वजनिक कामासाठी पैसे घेण्याचे नाकारले. त्याऐवजी वीसेक व्यापाऱ्यांनी आपली वकिली त्यांच्याकडे वर्षभरासाठी बांधून दिली. म्हणजे श्रीमंतांच्या दाव्यांवर गरिबांचे काम चाले. आज मोठ्या वकिली पेढ्या जे ‘प्रो बोनो’ नावाने मिरवतात, त्याची ही जुनी आणि उघड मांडणी होती. पुढे जोहान्सबर्गला हिंदी वस्ती नगरपालिकेने ताब्यात घेतली, तेव्हा भरपाईची सुमारे सत्तर प्रकरणे त्यांनी चालवली व एकच गमावले. दर पट्ट्यामागे दहा पौंड एवढीच फी, निकाल काहीही लागो. तरी रक्कम मोठी झाली, आणि तिच्यातले सोळाशे पौंड ‘इंडियन ओपिनियन’ने गिळले. स्वतःच्या पत्राबद्दल असे लिहिणारा संपादक आम्हाला प्रिय वाटतो.

आता पारशी रुस्तमजी. डरबनचे हे मोठे व्यापारी गांधींचे अशील, सहकारी आणि एका अर्थाने जीवदाते: १८९७ च्या जानेवारीत जमाव मागे लागला तेव्हा गांधी त्यांच्याच घरी आश्रयाला होते. धंद्यातली बहुतेक गोष्ट ते गांधींच्या कानावर घालत. एक तेवढी राखली होती. मुंबई-कलकत्त्याहून येणाऱ्या मालावर ते जकात चुकवत. अधिकाऱ्यांचा विश्वास असा की त्यांची बिजके न तपासता मान्य होत. चोरी उघडकीला आली तेव्हा ते रडत गांधींकडे आले. दुसऱ्या वकिलाचे मत पडले की खटला ज्यूरीपुढे जाईल आणि नाताळची ज्यूरी हिंदी माणसाला सोडणार नाही. गांधींनी सल्ला दिला: स्वतः जाऊन सारे कबूल करा, दंड भरा, आणि ऐकले नाही तर तुरुंगात जायची तयारी ठेवा. लाज गुन्ह्याची, तुरुंगाची नव्हे. मग ते जकात अधिकाऱ्याला भेटले, ॲटर्नी जनरलला भेटले, आपले सारे वजन खर्ची घातले. कबूल केलेल्या रकमेच्या दुप्पट दंडावर प्रकरण मिटले. रुस्तमजींनी ही हकीकत लिहून चौकटीत बसवली आणि वारसांना व इतर व्यापाऱ्यांना धडा म्हणून पेढीवर टांगली.

इंग्रजी भाषांतरात या प्रकरणाच्या मथळ्यात अशील नुसता वाचतो. मूळ गुजराती मथळा तो ‘जेलमधून’ कसा वाचला, असे विचारतो. हा फरक लहान नाही. भाषांतरात आत्म्याच्या उद्धाराची छटा येते. मुळात एक वकील आपले काम साधले, हे लपवत नाही.

आम्ही हे प्रकरण वर्गात वाचून दाखवले तेव्हा मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, “सर, पण मग जकात चुकवणारा सुटलाच ना?” वर्ग हसला. आम्हाला हसता आले नाही, कारण त्याच सुमारास आमच्या मावशीच्या खटल्याच्या तारखा चालू होत्या. मावशी शिक्षिका. निवृत्तीनंतर मिळालेले पैसे तिने एका पतसंस्थेत ठेवले, आणि ती संस्था संचालकांनी आतून पोखरली. कोर्टात आम्ही तिच्याबरोबर जाऊन बसत असू. संचालकांचे वकील विद्वान होते, मृदू बोलत, मावशीला खुर्ची द्यायला सांगत. त्यांच्यावर राग धरणे आम्हाला शेवटपर्यंत जमले नाही. गुन्हेगारालाही वकील हवा, हे तत्त्व आम्ही मानतो. ते मानताना शेजारी मावशी बसलेली असली की तत्त्व जड होते, एवढेच. शेवटी काही रक्कम भरण्याच्या बोलीवर अंशतः तडजोड झाली. ठेवीचा थोडा भाग परत आला. पेढीवर कोणी काही टांगल्याचे ऐकिवात नाही.

त्या मुलीच्या प्रश्नाला उत्तर द्यायचे तर बालसुंदरमकडे जावे लागते. गांधींच्या नाताळातल्या वकिलीला तीन-चार महिने झाले होते, तेव्हा हा तमिळ गिरमिटिया फाटक्या कपड्यांत, मुंडासे हातात घेऊन आला. समोरचे दोन दात पडलेले, तोंडातून रक्त वाहत होते. गोऱ्या मालकाने मारले होते. गांधींनी त्याला डॉक्टरकडे नेले, दाखला घेतला, मॅजिस्ट्रेटपुढे उभे केले. मालकाला शिक्षा व्हावी असा त्यांचा आग्रह नव्हता. गिरमिट दुसऱ्याच्या नावावर व्हावे एवढेच हवे होते, आणि ते झाले. इथेही तडजोडच. पण पायाखालची जमीन पाहा. साधा नोकर काम सोडून गेला तर मालकाने दिवाणी दावा लावायचा. गिरमिटियाने सोडले तर तो फौजदारी गुन्हा, आणि त्याची जागा तुरुंग. वर्षानुवर्षे जकात बुडवणाऱ्याचा हिशेब दुपटीने चुकता होई, आणि मार चुकवून पळणारा मजूर कैदी ठरे. ‘पांढरपेशा गुन्हा’ हा शब्द अमेरिकेतल्या सदरलँडने १९३९ साली रूढ केला. त्या शब्दामागची विषमता डरबनच्या एकाच वकिलाच्या कचेरीत दोन अशिलांच्या रूपाने आधीच येऊन गेली होती.

गांधींनी हे दोन प्रसंग शेजारी ठेवलेले नाहीत. त्यांच्यामध्ये पुस्तकाचे दोन भाग पसरले आहेत. पण ते शेजारी ठेवल्यावाचून त्या मुलीचा प्रश्न पुरा होत नाही. रुस्तमजी सुटले हे खरेच. ज्या वजनावर सुटले ते वजन कुठून आले, हेही खरे: बालसुंदरमसारख्यांच्या फुकट कामांतून आणि प्रतिपक्षाच्या सोयीची चूकसुद्धा कोर्टापुढे मान्य करण्याच्या सवयीतून. एका लवादाच्या निवाड्यात जमाखर्चाची एक नोंद उलट बाजूला पडली होती. ज्येष्ठ वकील नको म्हणत असता गांधींनी ती चूक कबूल केली, आणि न्यायमूर्तींना प्रथम त्यात लबाडीच दिसली. पण गरिबांच्या कामातून जमलेली पत अखेर श्रीमंताच्या कामी आली, ही बोच त्यामुळे जात नाही. रुस्तमजींचे मित्रही साशंक होते. हा पश्चात्ताप टिकणार नाही, असे त्यांनी गांधींना बजावले होते. पुढे हेच रुस्तमजी सत्याग्रहात तुरुंगात गेले.

आणि वकील? १८ मार्च १९२२ रोजी अहमदाबादला राजद्रोहाच्या खटल्यात त्यांनी तोच सल्ला स्वतःला लागू केला. आरोप कबूल केले, जास्तीत जास्त शिक्षा मागितली. मध्यस्थीला कोणी ॲटर्नी जनरल नव्हता, दुपटीचा हिशेब नव्हता. व्यवसाय विचारला तेव्हा शेतकरी आणि विणकर असे सांगितले. सहा वर्षे झाली. ते येरवड्याला असतानाच, त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात, लंडनच्या इनर टेंपलने आपल्या बॅरिस्टरांच्या यादीतून त्यांचे नाव काढून टाकले. ते पुन्हा घातले गेले १९८८ साली.