गारवा की घोडे?

समजा, १९७० साल आहे, तुम्ही अमेरिकेत आहात आणि खिसा गरम आहे. डॉजच्या शोरूममध्ये जाऊन तुम्ही सांगता, "चॅलेंजर आर/टी द्या. ४२६ हेमी इंजिन हवं, आणि हो, एसीसुद्धा!" विक्रेता हेमीला हो म्हणेल, एसीलाही हो म्हणेल. पण दोन्ही एकत्र? नाही म्हणजे नाही. पैसे कितीही मोजा.

मला गाड्या चालवण्यापेक्षा त्यांचे जुने ऑप्शन-चार्ट वाचण्यात जास्त मजा येते. (हसा, हसा!) मसल कार म्हणजे मध्यम आकाराच्या गाडीत कोंबलेलं मोठ्ठं व्ही-८ इंजिन. १९६४ची पॉन्टिॲक जीटीओ ही त्यातली गाजलेली सुरुवात. आणि गाडीतला एसी तर १९४०च्या पॅकार्डपासून होता. मग अडलं कुठे?

अडलं पट्ट्यावर. एसीचा कॉम्प्रेसर इंजिनच्याच क्रँकशाफ्टवरून पट्ट्याने फिरतो. इंजिन पळालं की त्यालाही पळणं आलं. शेवरोले कॅमारो झेड/२८चं ३०२ घनइंची इंजिन ट्रान्स-ॲम शर्यतीच्या ५ लिटरच्या मर्यादेत बसवलेलं, मिनिटाला ७००० फेऱ्यांकडे झेपावणारं. त्या वेगात पट्टा उडणार, नाहीतर कॉम्प्रेसरचं काही खरं नाही. सिग्नलला उभं असताना हेच इंजिन खडखडत कसंबसं चालतं, त्यात एसीचा भार. वर एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढ्यात, म्हणजे इंजिन आणखी तापणार. म्हणून १९६७ ते १९६९च्या झेड/२८ला ना एसी, ना ऑटोमॅटिक गिअर. १९७३मध्ये सॉलिड लिफ्टर जाऊन हायड्रॉलिक आले, इंजिन जरा माणसाळलं, तेव्हा कुठे एसी मिळाला.

चॅलेंजरचंही तसंच. एका कार्ब्युरेटरचं ४४० घ्या, एसी मिळेल. तीन कार्ब्युरेटरचं ४४० सिक्स पॅक घेतलंत, की गेला एसी.

या 'नाही'चा उपयोग आजही होतो. खऱ्या हेमी गाड्या फार महाग, त्यामुळे साध्या गाडीत हेमी बसवून विकणारे महाभाग आहेतच. १९७०च्या चॅलेंजरच्या व्हीआयएनमधलं पाचवं अक्षर 'आर' म्हणजे हेमी, आणि बॉनेटखालच्या पत्र्यावरचा एच५१ म्हणजे कारखान्यातला एसी. दोन्ही एकाच गाडीवर दिसले, तर चेकबुक खिशातच ठेवावं. नंतर बसवलेला एसी वेगळा. तसं सांगून विकला तर काहीच वावगं नाही.

आमच्या प्रोजेक्टचाही एक चार्ट आहे, फक्त तो कुणी लिहिलेला नाही. तारीख तीच, माणसं तेवढीच, फीचर्स दुप्पट. मीटिंगमध्ये सगळ्यांवर टिकमार्क होतात, आणि पट्टा उडतो तो माणसांचा. टीममधल्या एकाला मुलगी झाली. तो घरी पोचतो तेव्हा ती झोपलेली असते, असं दोन महिने चाललंय. त्याने तक्रार केलेली नाही. पण कोणीतरी बोलायला हवं ना?

सोमवारी क्लायंटबरोबर कॉल आहे. मी दोन रकाने करून ठेवलेत: सगळी फीचर्स हवी असतील तर तारीख पुढे, तारीख हीच हवी असेल तर सहा फीचर्स बाहेर. दोन्ही एकत्र मिळणार नाही, हे मीच सांगणार आहे. बघू काय होतं ते.

असो. तुमच्या ऑफिसात 'नाही' कोण म्हणतं?