रेडिएशननंतरची वर्षे

स्तनाच्या कर्करोगासाठी रेडिएशन घेतलेल्या बाईला घरी जाताना ज्या सूचना मिळतात, त्या बहुधा पुढच्या काही आठवड्यांपुरत्या असतात: साबण लावू नका, ऊन टाळा, सुती कपडे वापरा. कातडीचे दुसरे दुखणे सहा महिन्यांनी, कधी पाच-सात वर्षांनीही सुरू होते, हे तिला कोणी सांगत नाही, आणि मला हेच खटकते. बारीक रक्तवाहिन्या हळूहळू बुजतात, कातडीखाली तंतू साचतात. छाती आणि काख आवळत जाते, हात वर जात नाही, साधा ओरखडा लवकर भरत नाही. अगदी क्वचित त्याच जागी निळसर-काळा डाग उमटतो आणि तो अँजिओसार्कोमा, म्हणजे नवाच कर्करोग, निघतो. सावळ्या अंगावर तो मुका मार वाटतो.

चंद्रपूर-गडचिरोलीत ही गफलत महागात पडते. इथल्या बाईचा हात मे महिन्यात तेंदूपत्त्याला, पावसाळ्यात रोवणीला लागतो. ओरखडे चुकत नाहीत. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ताच बंद. मग जवळचे मलम लागते, त्यात स्टेरॉइड असले तर आधीच विरलेली कातडी आणखी विरते. म्हणून कोणत्या बाजूला, कोणत्या वर्षी, किती मात्रेचे रेडिएशन झाले, हे लिहिलेले कार्ड तिच्याकडेच हवे. तिथे चिरा द्यायचा की नाही, हेही डॉक्टर त्यावरूनच ठरवील.

असे सांगितले तर बायका रेडिएशनच टाळतील, असा आक्षेप येतो. भीती खरी आहे, पण उत्तर लपवाछपवी नव्हे. स्तन राखून केलेल्या शस्त्रक्रियेनंतरच्या 17 चाचण्यांचा एकत्रित अभ्यास 2011 मध्ये आला: दहा वर्षांत आजार उलटण्याचे प्रमाण रेडिएशनने सुमारे 35 टक्क्यांवरून 19 वर आले. हा आकडाही तिला सांगावा. शिवाय ब्रिटनच्या स्टार्ट-बी चाचणीत 25 ऐवजी 15 बैठकांत 40 ग्रे मात्रा दिल्यावर कातडीचा उशिराचा त्रास कमीच झाला, आजार आवरण्यात उणेपणा आला नाही. सिरोंचा-कोरचीच्या बाईची नागपुरातली दोन आठवड्यांची खोली, जेवण आणि बुडणारी मजुरी यात वाचते. जिथे शक्य आहे तिथे ही पद्धत मागून घ्यावी.

या पाठपुराव्यासाठी आशाताईंवर आणखी ओझे नको, असाही आक्षेप येतो; तो मात्र मला पूर्ण मान्य आहे. कार्ड बाईजवळ असले की पुरे. दोन आठवड्यांत न गेलेला डाग किंवा न भरलेली जखम डॉक्टरला दाखवायची, हे त्यावर ठळक मराठीत लिहावे, आणि माडिया-गोंडी बोलणाऱ्यांसाठी चित्र काढावे.